चाळिशीचं घड्याळ

मागच्या महिन्यात सासरच्या नात्यात एक शादी झाली. वलीमा आटोपून आम्ही हॉलच्या दारात रिक्षाची वाट बघत उभे होतो. मिस्टरांचे एक मामू आहेत. हाजी, सत्तरीचे, मोहल्ल्यात शब्दाला वजन असलेले. ते माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, “दुल्हन, ये घड्याल तेरा है या बच्चे का?” माझंच आहे म्हटलं. “कित्ते का?” साडेपाच हजारांचं, मी खरं ते सांगितलं. मग तिथेच, दारात, मला इसराफवर दहा मिनिटांची तकरीर ऐकावी लागली. फुजूलखर्ची किती मोठा गुनाह आहे, आजकालच्या नोकरदार बायकांचे हात कसे सैल झालेत, आणि वाढदिवस हा प्रकार मुळात आपल्यात नाहीच. (घड्याळ वाढदिवसाला घेतलंय, हे माझ्या धाकट्यानं मोठ्या अभिमानानं मध्येच सांगून टाकलं होतं.) दहा मिनिटं हे मी अंदाजानं म्हणत नाही. घड्याळ हातातच होतं.

आत हॉलमध्ये बाराशे माणसं जेवून गेली होती. बिर्याणी, दालचा, तंदुरी, दोन गोड पदार्थ, आणि तरुण पोरांसाठी चायनीजचा वेगळा काउंटर. टेबलांवर अर्ध्या टाकलेल्या ताटांचे ढीग होते. नवऱ्या मुलाच्या बोटात सासरहून आलेली सोन्याची अंगठी होती आणि मनगटावर सोनेरी चेनचं घड्याळ. पुरुषाला सोनं हराम आहे हे मामूंना माहीत नाही असं नाही. त्यांनी त्या मुलाला गळ्याशी धरून मुबारकबाद दिली आणि इसराफ त्यांना दिसला तो माझ्या रबरी पट्ट्यात.

मामू वडीलधारे, मी गप्प राहिले. पण हीच तकरीर मी गेली चार वर्षं निरनिराळ्या तोंडून ऐकते आहे. सासूबाईंकडून, नणंदेकडून, स्टाफरूममधल्या दोन सरांकडून, एका मैत्रिणीकडून. म्हणून एकदाच सगळ्यांना मिळून लिहिते.

आधी वाढदिवसाचं. आमच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राप्रमाणे माझाही शाळेच्या दाखल्यावरचा वाढदिवस १ जून आहे. गुरुजींनी लिहिला, अब्बांनी मान डोलावली, झालं. अम्मी सांगते की मी रमजानच्या पंधरवड्यात झाले, बाहेर धो धो पाऊस होता आणि ती रोजे सोडून पडली होती. १९८१ चा रमजान जुलैत आला होता, म्हणजे दाखला चुकीचा आणि अम्मी बरोबर. त्यातही हिजरी वर्ष लहान. चाळीस हिजरी वर्षं म्हणजे इंग्रजी कॅलेंडरनं अडतीस वर्षं आणि साधारण दहा महिने. त्या हिशोबानं माझी चाळिशी भरली ती २०२० च्या लॉकडाऊनमधल्या रमजानात, जेव्हा मशिदी बंद होत्या आणि तरावीह आम्ही घरात पडदा सरकवून पढत होतो. मग दाखल्याप्रमाणे २०२१ च्या जूनमध्ये भरली, आणि अम्मीप्रमाणे त्याच जुलैत. तीन वेळा चाळीस वर्षांची झालेली बाई मी. केक एकदाही कापला नाही, मेणबत्ती फुंकली नाही, स्टेटस ठेवलं नाही. त्यामुळे बिदअतचा फतवा द्यायचा असेल तर आधी मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर बघा. तिथे नगरसेवकाच्या वाढदिवसाचा जो फ्लेक्स दर वर्षी लागतो, त्यात शुभेच्छुक म्हणून मामूंच्या पोराचा फोटो असतो, काळा गॉगल लावून.

आणि चाळीस हे वय काही मी शोधून काढलेलं नाही. कुरआनात सूरह अहकाफमध्ये माणूस चाळिशीला पोहोचतो त्याचा वेगळा उल्लेख आहे, आईबापांचे उपकार आठवून शुक्र अदा करण्याच्या संदर्भात. पहिली वही उतरली तेव्हा हुजूर चाळीस वर्षांचे होते. थांबून हिशोब करायचं हे वय आहे, एवढंच मी मानते.

मला तो हिशोब करायला लावला माझ्या फुफीच्या मुलीनं. माझ्याहून एक वर्षानं मोठी. आम्ही एका बाकावर शिकलो. एप्रिल २०२१ मध्ये ती कोरोनात गेली, मय्यतीला मोजून पाचसहा माणसं. चालिसवां झाल्यावर फुफीनं मला कपाट आवरायला बोलावलं, तिच्यानं ते उघडवत नव्हतं. वरच्या खणात न शिवलेले तीन ड्रेसपीस. एक डिनर सेट, खोक्यातच. अत्तराची सीलबंद बाटली. आणि मखमली डबीत लेडीज घड्याळ, सोन्याचं पाणी दिलेलं, डायलवरची प्लॅस्टिकची पातळ झिल्ली अजून तशीच. सेल कधीच मेला होता. पंधरासोळा वर्षं ते घड्याळ “किसी मौके पे” साठी ठेवलेलं होतं. अगदी तसंच एक माझ्याही कपाटात होतं, लग्नातलं. मी ते सहासात वेळा घातलं असेल.

त्या जुलैत मी घड्याळ घ्यायचं ठरवलं. रोज घालायचं.

इथे थोडं घड्याळाबद्दलच बोलते, कारण टीका करणाऱ्यांपैकी एकानंही “हेच का?” असं विचारलेलं नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. दिवसाला सहा तास, खडू, डस्टर, वह्या. घरी भांडी, पीठ मळणं, कपडे. पाच वेळा वुजू. सोलापूरचा मे महिना. या सगळ्यात ‘लेडीज’ म्हणून विकलं जाणारं घड्याळ किती टिकतं ते बायकांना विचारा. चामड्याचा पट्टा घामानं आणि वुजूच्या पाण्यानं सहा महिन्यांत कुजतो. चेन ओढणीच्या जाळीत अडकते. आणि डायल? चवलीएवढी. त्यावर आकडे नसतात, चार खडे असतात. मराठीत जवळच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, उगाच नव्हे. ज्या वयात बारीक दिसेनासं होतं, नेमक्या त्या वयात बाईला भेट म्हणून वाटाण्याएवढं घड्याळ द्यायचं, याचा अर्थ तिनं वेळ बघावी अशी कुणाची अपेक्षाच नाही. तो दागिना आहे. घड्याळ पुरुषाच्या हातात असतं.

माझ्या अब्बांच्या हातात होतं. एचएमटीचं जनता, चावीचं. फजरनंतर चहा होईपर्यंत ते कानाशी धरून चावी द्यायचे, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. सरकारी कारखाना, बंगलोरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं सुरू झालेला. गिरणीतल्या कामगारापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांच्या हातात एचएमटी. पुढे टायटनची सेलवर चालणारी घड्याळं आली, चावी देण्याचं कामच उरलं नाही, आणि २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय जाहीर केला. अब्बांचं घड्याळ भाईजानकडे गेलं. मुलींकडे जाण्याचा प्रश्न आला नाही. मी तेव्हा तक्रार केली नाही, आज नोंदवून ठेवते.

दुकानात जायच्या आधी मी महिनाभर यूट्यूबवर बघत होते, मुलगी हसायची. पहिल्यांदा मनात होतं कॅसिओचं ते सगळ्यांना माहीत असलेलं काळं घड्याळ, एफ-९१डब्ल्यू. तेव्हा हजार-बाराशे रुपयांत यायचं, वजन २१ ग्रॅम, सेल वर्षानुवर्षं चालतो. पण पाण्याचा शिंतोडा सोसेल इतपतच त्याची तयारी, आणि दिवा इतका मिणमिणता की सहरीच्या अंधारात डोळ्याशी न्यावं लागतं. मग त्याच कंपनीचं चौकोनी जी-शॉक घेतलं. २०० मीटर पाण्याचा दाब सोसणारं, मोठे आकडे, बटण दाबलं की सगळी डायल उजळते. या घड्याळामागची गोष्ट मला आवडली. किकुओ इबे नावाच्या इंजिनियरचं घड्याळ हातातून पडून फुटलं. वडिलांनी दिलेलं होतं. न फुटणारं घड्याळ करायचं त्यानं मनावर घेतलं, दोन वर्षांत दोनशेच्या आसपास नमुने फोडून बघितले. शेवटी बागेत एक मुलगी चेंडू आपटत होती, ते बघताना त्याला सुचलं की चेंडूच्या मधोमध असलेल्या वस्तूला धक्का बसत नाही. म्हणून घड्याळाचं यंत्र पोकळीत जवळजवळ तरंगतं ठेवलं. १९८३ मध्ये पहिलं बाजारात आलं. माझं घड्याळ चार वर्षांत तीनदा फरशीवर पडलं, एकदा पाण्याच्या टाकीत. आणि वुजूला पट्टा सैल करून वर सरकवता येतो, खाली पाणी पोहोचतं, ओला झाला तरी फिकीर नाही. मशिदीच्या आणि लग्नघराच्या वुजूखान्यात कट्ट्यावर काढून ठेवलेली किती घड्याळं तिथेच राहिली, याचा हिशोब आमच्या खानदानात कुणी केला तर साडेपाच हजारांच्या वर जाईल.

“मोबाईल आहे ना?” हे दुसरं. आहे. वर्गात तो बंद ठेवायचा असतो. दहावीच्या सुपरव्हिजनला तर परीक्षेच्या खोलीत नेताच येत नाही, आणि पेपर लिहिणारी पोरं दर पाच मिनिटांनी मान वर करून विचारतात, “टीचर, कित्ता टाइम?” खरी गोष्ट वेगळीच आहे. फोनमध्ये वेळ बघायला गेलं की वेळ दिसत नाही. तीन मेसेज दिसतात, मग शादीचे फोटो, मग कुणाची तरी तकरीरच. असरचा वक्त निघून जातो. ज्या दीनात दिवसाचे पाच तुकडे सूर्याच्या चालीवर बांधलेले आहेत, ज्यात एका सूरहचं नावच अस्र आहे, त्या दीनाच्या माणसांनी घड्याळाला चैन म्हणावं याचं मला आश्चर्य वाटतं. आपल्याकडे मोठ्या मशिदींत वेळ मोजायला माणूस नेमलेला असायचा, त्याला मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत हे काम इब्न अल-शातिर करत होते, आणि ते त्या काळातले मोठे खगोलशास्त्रज्ञ होते.

आता इसराफ. मुद्द्याचं आहे, टाळत नाही. २००५ मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिन्याचं मानधन चार हजार होतं. तीन वर्षं. बीएड केलेल्या बाईला चार हजार. म्हणजे हे घड्याळ माझ्या त्या वेळच्या सव्वा महिन्याच्या कमाईहून महाग आहे, आणि दुकानात कार्ड पुढे करताना माझा हात थरथरला होता हे मी लपवत नाही. पण त्या चार हजारांतूनही मी घरात देत होते. पगार सुरू झाल्यावर घराच्या कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून गेला. नणंदेच्या शादीत फर्निचर माझ्या सोसायटीच्या कर्जातून आलं. मुलीची क्लासची फी. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. यातल्या एकाही पैशाला कुणी “बाईचा हात सैल” म्हटलं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःच्या अंगावर राहील, स्वतःच्या कामाला येईल अशी एक वस्तू कुणाला न विचारता घेतली, आणि त्याच दिवशी सगळ्यांना दीन आठवला.

दीनच काढायचा तर पूर्ण काढू. बायको कितीही कमवो, घर चालवणं ही शौहरची जबाबदारी आहे. बायकोची कमाई बायकोची. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद यांच्या पत्नी जैनब यांनी हुजूरांना पुसलं होतं की मी माझ्या नवऱ्यावर आणि माझ्याकडे असलेल्या अनाथ मुलांवर खर्च केला तर ते सदका म्हणून चालेल का. उत्तर आलं की हो, आणि दुप्पट सवाब आहे. बुखारी शरीफमधली हदीस आहे, मामूंनीही ऐकलेली असणार. बायकोनं नवऱ्याला दिलेला पैसा सदका ठरतो, याचा अर्थ तो आधी तिचा असतो. मग मी घराला जे देते तो माझा एहसान आहे, आणि मी घड्याळाला जे दिलं त्याचा हिशोब मामूंना देणं लागत नाही. कंजूसपणा आणि उधळेपणा या दोन्हींच्या मधली चाल चांगली, हेही आपल्याला शिकवलंय. आपले उपदेशक त्यातला उधळेपणा बायकांना सांगतात. कंजूसपणाची बाजू आली की बयान संपतं.

मिस्टरांबद्दल लिहू की नको असं झालं होतं. त्यांनी वाचून हरकत घेतली नाही, म्हणून लिहिते. ते रागावले नाहीत, दुखावले. “मला सांगितलं असतंस तर मी आणलं असतं.” खरंच आणलं असतं. पण ते लेडीज आणलं असतं, सोनेरी चेनचं, मखमली डबीत, आणि मी ते कपाटात ठेवलं असतं. आपल्या समाजात (आणि शेजारच्या हिंदू घरांतही फार वेगळं नाही) बाईच्या अंगावरची प्रत्येक वस्तू कुणीतरी दिलेली असते. माहेरचं, सासरचं, ईदचं, मुलाच्या पहिल्या पगाराचं. पुरुषांचीही घड्याळं पूर्वी सासऱ्याकडूनच यायची, घड्याळ-सायकल-रेडिओ अशी तिकडीच होती. पण पुरुषानं नंतर दुसरं घेतलं तर कुणी त्याला विचारत नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही दिलेलं घड्याळ मला आवडतं, पण मला वेळ बघायचीय. दोन दिवस ते कमी बोलले. मग एका रात्री वीज गेली आणि सासूबाईंनी अंधारात हाक मारली, “दुल्हन, देख गे, कित्ते बजे?” पहिल्या दिवशी “मर्दां का घड्याल” म्हणून नाक मुरडणाऱ्या त्याच. तेव्हा ते हसले.

भाईजानचा आक्षेप निराळा. २०२३ मध्ये आम्ही उमऱ्याला निघालो तेव्हा पुण्याहून त्याचा फोन आला, “ते घड्याळ काढून ठेव, एअरपोर्टला नको.” त्यानं कुठेतरी वाचलं होतं आणि ते खोटं नाही. मी आधी घेणार होते ते एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून जगभर विकलं जाणारं सगळ्यात साधं घड्याळ, ग्वांतानामोच्या तुरुंगातल्या कागदांत संशयाची खूण म्हणून नोंदलेलं आहे. अशा घड्याळाचा उपयोग बॉम्बचा टायमर म्हणून झाला होता, म्हणून ज्या कैद्याच्या हातात ते सापडलं त्याच्या फायलीत ते लिहिलं गेलं. २०११ मध्ये ते कागद जगासमोर आले. त्याआधी एका कुवेती कैद्यानं सुनावणीत म्हटलं होतं की इथल्या कॅम्पमधले मुस्लिम धर्मगुरूसुद्धा हेच घालतात. लाखो लोकांच्या हातात जे असतं ते आपल्या हातात आलं की पुरावा होतं, ही भीती भाईजाननं मनात घेतलेली आहे आणि मी तिला हसणार नाही. त्याला ती भीती कुठून मिळाली हे मला माहीत आहे. पण माझं घड्याळ मी काढलं नाही. मुंबईला ते ट्रेमध्ये चपलांशेजारून गेलं, कुणी बघितलंही नाही. एक गोष्ट मात्र मला तेव्हा लक्षात आली. बाहेरचे सांगतात तुमच्या हातात हे नको, घरातले सांगतात बाईच्या हातात हे नको. मनगट एकच, त्यावर इतक्या लोकांचं मत.

एक आक्षेप असा आहे की ज्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. माझी मैत्रीण, त्याच शाळेत उर्दू शिकवते, तिनं विचारलं, “नववीच्या त्या पोरीनं फी नाही म्हणून शाळा सोडली तेव्हा तुझे साडेपाच हजार कुठे होते?” जकात मी काढते, पै-पैचा हिशोब लावून. त्या मुलीसाठी आम्ही स्टाफनं वर्गणी केली होती, ती पुरली नाही, आणि मुलगी बिड्या वळायला बसली. मी घड्याळ घेतलं नसतं तर ती शाळेत असती का? कदाचित नाही, कारण पुढच्या वर्षीही फी होतीच. पण “कदाचित” हा शब्द मला बोचतो. मैत्रिणीला तो विचारायचा हक्क आहे, कारण ती स्वतः वर्गणीत माझ्यापेक्षा जास्त देते. मामूंना नाही. त्या वलीम्याच्या एका पंगतीत अशा मुलींची वर्षं निघाली असती.

दोघीतिघींनी विचारलंय की असं घ्यायचं तर काय बघायचं, म्हणून लिहिते. चष्मा काढून आकडे दिसतात का ते आधी बघा. काळ्यावर पांढरे अशी उलटी डायल दिसायला झोकदार असते, पण संधिप्रकाशात वाचता येत नाही, ती घेऊ नका. मनगट बारीक असेल तर पट्ट्याचं शेवटचं भोक लावून हात खाली सोडून बघा, माझं त्याच भोकावर बसतं. याची नकली घड्याळं फुटपाथवर पाचशेला मिळतात, ती पाण्यात मरतात. खात्रीच्या दुकानातून घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या.

मी घेतलं त्या दुकानदारानं आधी विचारलं, “साहेबांसाठी का?” मी नाही म्हटलं. त्यानं घड्याळ डबीत घातलं, भेटीचा कागद लावू का म्हणून पुसलं, मी पुन्हा नाही म्हटलं आणि ते तिथेच हातात घातलं. मग त्यानं बिल पुढे केलं. माझं नाव सांगितलेलं असताना त्यावर मिस्टरांचं नाव होतं. मी ते परत दिलं आणि दुसरं लिहायला लावलं.